पाना-पक्कड : पेटी उघडली की ओकारी का येते?

प्रश्न : माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी माळ्यावर आली. परवा नळाचं काम निघालं म्हणून पेटी खाली काढली. झाकण उघडलं आणि घरभर ओकारीसारखा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, उंदीर मेलाय. सगळी पेटी रिकामी केली, उंदीर सोडा, झुरळही निघालं नाही. फिनेलनं पुसली, वास तसाच. शेवटी एकेक वस्तू नाकाशी धरली तेव्हा कळलं की पिवळट पारदर्शक मुठीचे चार स्क्रू ड्रायव्हर आणि एक पटाशी एवढ्यांनाच वास येतोय. मुठींवर पांढरी पावडरही धरली आहे. बाबांच्या हातातली हत्यारं भंगारात घालायला मन होत नाही. हा वास कायमचा जाईल का? आणि घरात लहान मूल आहे, त्याला काही अपाय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, उंदीर निर्दोष आहे, सासूबाईंना सांगून टाका. निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलंय. एकेक वस्तू हुंगून बघायचं फार थोड्यांना सुचतं. बाकीचे आधी पेटी धुतात, मग माळा धुतात, मग खालच्या मजल्यावरच्यांशी भांडतात.

वास त्या मुठींच्या प्लॅस्टिकलाच येतोय. त्यांच्यावर काही सांडलेलं नाही. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या जुन्या मुठी, त्यातून ओकारीचा वास आणि वर पांढरी पावडर, म्हणजे ते सेल्युलोज अॅसिटेट ब्युटिरेट असणार. सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेतात, त्यातल्या सेल्युलोजला दोन आम्लं जोडतात. एक व्हिनेगरमधलं अॅसिटिक, दुसरं ब्युटिरिक. हे दुसरं तुमच्या फडताळातही आहे. लोण्यातुपात ते स्निग्धांशाला बांधलेलं असतं, तोवर त्याचा उपद्रव नसतो. तूप जुनं होऊन खवट झालं की ते सुटतं आणि बरणीचं झाकण काढल्याबरोबर कळतं. ओकारीला जो वास येतो त्यातही याच आम्लाचा मोठा वाटा. तुम्ही पत्रात वापरलेला शब्द रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनीही वापरला असता.

मुठीत हे आम्ल सेल्युलोजला बांधलेलं असतं. हवेतला ओलावा आणि उष्णता मिळत राहिली की वर्षानुवर्षांनी ती जोडणी तुटू लागते. गोम पुढेच आहे. मोकळं झालेलं आम्ल उरलेली जोडणी आणखी भराभर तोडतं. हत्यार उघड्यावर असेल तर सुटलेलं आम्ल वाऱ्याबरोबर निघून जातं. घट्ट झाकणाच्या पेटीत ते जाणार कुठं? तिथंच कोंडतं, मुठीत परत मुरतं आणि काम वाढवतं. म्हणून बरोबरीनं घेतलेल्या दोन स्क्रू ड्रायव्हरपैकी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारा ठणठणीत राहतो आणि पेटीतला नाक धरायला लावतो. तुमचा माळा गच्चीच्या स्लॅबला लागून असेल तर विचारायलाच नको. एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापणार, जूनपासून दमट हवा कोंडणार, आणि पेटी दिवाळीपर्यंत कुणी उघडणार नाही.

कंपन्यांनी असलं प्लॅस्टिक वापरलंच का, असं तुम्हाला वाटेल. वापरलं, कारण चीजच तशी आहे. चिवट असते, तेल-ग्रीसला दाद देत नाही, पटाशीच्या मुठीवर हातोडी मारली तरी ठिकऱ्या उडत नाहीत, आणि हातात गार, निसरडी लागत नाही. या कुळातल्या मुठी आजही बनतात. आमच्या टूलरूममध्ये तर लाकडी मूठ तेल पिऊन काळी पडायची, म्हणून नव्या पारदर्शक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरसाठी स्टोअरच्या खिडकीशी वशिला लावावा लागे. चाळीसेक वर्षांनी त्याला कसला वास येईल याची चौकशी तेव्हा कोण करतंय!

पुणेकरांना हे दुखणं तसं परकं नाही. लॉ कॉलेज रोडवर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, म्हणून नंतर सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म आली आणि ‘सेफ्टी फिल्म’ म्हणून नावाजली गेली. ती पेटेना, पण आंबू लागली. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते. जगभरच्या संग्रहालयांत याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. तुमच्या बाबांच्या पेटीत जे चाललंय ते त्याच घराण्यातलं आहे, फक्त व्हिनेगरच्या जोडीला खवट तूप आलंय. आणि फिल्मवाल्यांकडेही सुरू झालेली झीज उलटवण्याचा उपाय नाही. ते फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवून तिचा वेग कमी करतात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर : कायमचा जाणार नाही. पण घरात ठेवता येईल, कामाला घेता येईल, पाहुण्यांसमोर पेटी उघडता येईल, इतका नक्की कमी होईल.

कसं, ते सांगतो. आधी भांडी घासायचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घ्या. पाणी उकळतं नको. मुठींना उभ्या खाचा असतात, पांढरा थर तिथं दडून बसतो. नुसत्या फडक्यानं वरवर पुसला तर मूठ वाळल्यावर तो पुन्हा दिसतो. दात घासायचा जुना ब्रश घेऊन खाचेच्या दिशेनं, वरून खाली, एकेक खाच घासा. मूठ जिथं लोखंडाला मिळते त्या कडेशी ब्रश आडवा फिरवा. ही पावडर म्हणजे बुरशी नव्हे. मूठ चिवट राहावी म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू वर येऊन बसतात. ती निघाली की खालची मूठ पुन्हा काचेसारखी दिसायला लागते, आणि माझा अनुभव असा की इथं माणसाला हुरूप येतो.

मग खाण्याचा सोडा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे घाला, स्टीलच्या उंच पेल्यात ओता आणि स्क्रू ड्रायव्हर त्यात उलटे उभे करा. मूठ खाली पाण्यात, लोखंडी दांडी वर कोरडी. पाणी मुठीच्या काठापर्यंतच असू द्या. तीन-चार तास पुरे. पृष्ठभागावरचं आम्ल सोड्याशी मिळून त्याचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत येत नाही. नंतर साध्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा, लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. तेल मुठीला लावायचं नाही.

इथं सोडा कुठला हे नीट बघा. वाण्याकडे धुण्याचा सोडा स्वस्त मिळतो आणि ‘जास्त कडक तर जास्त चांगला’ असा आपला समज असतो. तो फार तिखट अल्कली आहे, त्यानं मुठीची जोडणी उलट लवकर तुटते. कॉस्टिकचं नाव काढू नका. आणि वास मारायला लिंबू, चिंच, व्हिनेगर हे आपले पिढीजात उपाय इथं उफराटे पडतात. जी वस्तू आम्लामुळे झिजते आहे तिला आणखी आम्ल कशाला पाजायचं?

धुऊन झालं की खरा उपाय सुरू होतो, आणि तो फुकट आहे : वारा. प्रत्येक हत्याराच्या दांडीला सुतळी बांधून बाल्कनीत सावलीला टांगा. दोन-तीन आठवडे टांगलेली राहू देत, येता-जाता एखादं हुंगून बघा. आपल्याकडे वास आला की ‘ऊन द्या’ म्हणतात. गाद्यांना, पापडांना ठीक आहे, इथं नको. कडक उन्हानं मूठ तापते आणि आतली झीज वाढते. पावसाळी दिवस असतील तर बाल्कनी सोडून घरात पंख्याखाली टांगा. वास थोडा उरला तर साबण-सोड्याचा एक फेरा पुन्हा करा.

उदबत्ती, कापूर, डांबरगोळ्या, कारमध्ये टांगायच्या सुगंधी चकत्या, यातलं काही पेटीत टाकू नका. मोगऱ्याच्या वासाची ओकारी नुसत्या ओकारीपेक्षा वाईट.

यानंतर ती हत्यारं झाकणबंद पेटीत परत घालायची नाहीत. तेवढं पाळलं नाही तर वरचं सगळं फुकट. फळीला भोकं पाडून दांड्या त्यात सोडा आणि फळी मोरीजवळच्या भिंतीऐवजी कोरड्या भिंतीला ठोका. जागाच नसेल आणि पेटीतच ठेवणं भाग असेल तर झाकण किलकिलं ठेवा आणि आत अॅक्टिव्हेटेड कार्बनची पुरचुंडी टाका. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. दर दोन-तीन महिन्यांनी बदला. आणि ती पेटी मुठींचा वास धरून बसली असेल, तीही सोड्याच्या पाण्यानं पुसून आठवडाभर उघडी ठेवा. फिनेल वाया गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पेटीतल्या बाकीच्या वस्तू एकदा उजेडात तपासा. बाबा मेंटेनन्सला होते म्हणजे त्यात व्हर्नियर नाही तर मायक्रोमीटर असण्याची शक्यता दाट. कोंडलेल्या आम्लाच्या वाफेनं पोलादाला गंज चढतो, आणि तो आधी अशाच नाजूक, घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागांवर दिसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर मुठीलगत लालसर कडं दिसतं का बघा, तो याचाच पुरावा. मापनाची हत्यारं आजच वेगळी करा, पुसून, तेलाचा हात देऊन, दुसऱ्या खोलीत.

बाळाविषयी : एवढ्याशा मुठीतून सुटणारं आम्ल घरातल्यांना विषारी ठरण्याइतकं नसतं. आपलं नाक त्याला अतिशय तीक्ष्ण आहे, अगदी कणभर असलं तरी पकडतं, म्हणून ते आहे त्यापेक्षा भयंकर वाटतं. तरी पांढरी पावडर बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका, घासताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. हाताला राहिलेला वास नुसत्या साबणानं जात नसेल तर चिमूटभर सोडा ओल्या तळव्यावर चोळा.

एक मात्र बजावून सांगतो. त्या चारांपैकी एखादा विजेचा टेस्टर असेल, म्हणजे मुठीत छोटा दिवा दिसत असेल, तर तो पाण्यात बुडवायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि विजेच्या कामाला मात्र नवीन टेस्टर घ्या, तो महाग नाही. ज्या मुठीला चीर गेली आहे, ज्यावर बारीक जाळी दिसते, ती कुठल्याच चालू वायरीजवळ न्यायची नाही. खरं तर धडधाकट प्लॅस्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेटेड हत्यार नव्हेच. ज्यावर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण छापलेली असते ते त्या कामासाठी तपासलेलं असतं. बाकीचे स्क्रू फिरवायला.

पटाशीची मूठ फारच चिरली असेल तर तिला लाकडी मूठ बसवून घ्या. लेथवर लाकूडकाम करणारा माणूस बाभळीची नाही तर शिसवीची मूठ करून देईल. स्क्रू ड्रायव्हरची दांडी मात्र मुठीच्या आत पंख काढून घट्ट बसवलेली असते, तिथं हा उद्योग परवडत नाही. आणि प्लॅस्टिकची चांगली मूठ नुसत्या वासासाठी तोडू नका. बाबांच्या तळव्याची झीज तिच्यावरच असणार, लाकडाच्या नव्या मुठीवर ती कुठून येणार?

प्रश्न : सर, मी भोसरीत छोटं वर्कशॉप चालवतो. जुन्या बाजारातून परदेशी स्क्रू ड्रायव्हरचा सेट घेतला, पोलाद एक नंबर आहे, पण मुठींना असह्य वास. कामगारानं ते रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवले. सकाळी मुठी गुळगुळीत व्हायच्या ऐवजी चिकट झाल्या, बोटांचे ठसे उमटले. काही करता येईल?
— एक वर्कशॉपवाले

उत्तर : थिनर आणि नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन हे या प्लॅस्टिकला विरघळवतात. रात्रभरात मूठ शिल्लक राहिली हेच नवल माना. आता त्यांना कुणीही हात लावायचा नाही. दांडीनं टांगा, सगळा थिनर उडून मूठ पुन्हा टणक होईपर्यंत, आठवडा लागला तरी चालेल. मग पाणी लावून वॉटर पेपर मारा, आधी ४०० नंबर, मग ८०० किंवा १०००. ठसे जातील, चकाकी परत पूर्ण येणार नाही. वास कमी झाल्यासारखा वाटेल, कारण वरचा खराब थर विरघळून गेला, पण खालून तो पुन्हा येईल. मग वरच्या उत्तरातला वाऱ्याचा उपाय करा. वर्कशॉपमध्ये तुम्हाला भिंतीची कमी नाही.

कामगारावर चिडू नका, थिनर हाताशी असला की माणूस सगळं त्यातच बुडवतो. आणि बुधवार-रविवारी जुन्या बाजारात जाल तेव्हा विकणाऱ्याचं बोलणं ऐकण्याआधी मूठ दोन्ही तळव्यांत घेऊन रवीसारखी घुसळा, गरम झाली की हुंगा. गार मूठ वास लपवते, गरम मूठ खरं बोलते. वास आला तरी पोलाद चांगलं असेल तर घ्या, पण मग भाव पाडून घ्या. पांढरी पावडर बोटाला लावून दाखवली की निम्म्या किमतीवर येतात.

प्रश्न : मुठींना लाखेचं पॉलिश मारून वास आत कोंडून टाकला तर? आमच्या सुताराने सुचवलं.
— कोथरूड

उत्तर : सुताराचं चुकलेलं नाही, लाख वास चांगला अडवते आणि दोन-तीन हात दिले तर काही महिने तुम्ही खूश राहाल. पण आम्ल आतच राहणार आणि कोंडलेलं आम्ल काय करतं ते वर सांगितलंय. शिवाय मूठ हाताळली जाते, घामानं आणि घासण्यानं लाखेचा थर मुठीच्या कोपऱ्यांवरून आधी निघतो. हत्यार शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर मारा. वापरायचं असेल तर त्याला श्वास घेऊ द्या.

प्रश्न : माझ्या पक्कडीच्या लाल मुठी चिकट लागतात, धूळ धरतात. वास आहे पण ओकारीचा नव्हे, नव्या रेनकोटसारखा. हेच का?
— हडपसर

उत्तर : नाही, ते पीव्हीसीचं कव्हर आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर झिरपलंय. त्याची झीज वेगळी आणि उपायही सोपा. साबणानं धुवा, वाळल्यावर टाल्कम पावडर चोळा, काही दिवस बरं वाटेल. कंटाळा आला की कव्हर ब्लेडनं उभं चिरून काढा आणि नवं बसवा. बोहरी आळीत हार्डवेअरवाल्यांकडे पक्कड घेऊनच जा, माप तिथंच जुळवून बघता येतं. कव्हर बसत नसेल तर गरम पाण्यात बुडवून मऊ करा, मग सरकतं. तुमची पक्कड विजेच्या कामाची असेल तर मात्र कव्हर बदलायच्या फंदात न पडता पक्कडच बदला.

प्रश्न : हत्यारांचा नाही, पण वासाचा प्रश्न आहे. आजोबांना फोटोग्राफीचा नाद होता. त्यांच्या निगेटिव्हच्या पत्र्याच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो.
— एरंडवणे

उत्तर : तो व्हिनेगर सिंड्रोम, वर लिहिलेला. तुमच्या बाबतीत घाई करा, कारण स्क्रू ड्रायव्हरची मूठ कितीही वास मारली तरी स्क्रू फिरवते, निगेटिव्ह आक्रसली, वळली की चित्र गेलं. ज्या पट्ट्यांना वास सगळ्यात जास्त आहे त्या आधी स्कॅन करून घ्या. पट्ट्या धुवायच्या नाहीत, सोडाबिडा लावायचा नाही. डब्यातून काढून साध्या कागदी पाकिटांत एकेक ठेवा, वासाच्या आणि बिनवासाच्या वेगळ्या करा, नाहीतर चांगल्याही बिघडतात. आम्ल किती सुटलंय हे दाखवणाऱ्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवल्या की आधी हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पण तुमच्या नाकाला वास येतोय म्हणजे पट्टी आणण्यात वेळ घालवू नका. कपाट घरातल्या सगळ्यात गार खोलीतलं निवडा, माळा नको, आणि त्याच कपाटात हत्यारांची पेटी असेल तर ती आजच बाहेर काढा.